नियमांआडचा अभ्यासक्रम

लीड्स विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाचे वेळापत्रक हाती आल्यावर त्यात 'लेखन' नावाचा तास शोधणाऱ्या विद्यार्थ्याला तो बहुधा सापडणार नाही. अमेरिकेला गेलेल्या त्याच्या मित्राला सापडेल. हार्वर्डने १८८५ साली पहिल्या वर्षाला इंग्रजी लेखनाचा विषय सक्तीचा केला आणि पुढे तो तिकडच्या बहुतेक कॉलेजांच्या अंगवळणी पडला. ब्रिटनने ती वाट धरली नाही. शाळा संपवून आलेल्या मुलाला लिहिता येतेच, आणि जे कमी पडेल ते ज्याच्या त्याच्या विषयात भरून निघेल, असे इथे पूर्वीपासून गृहीत धरले जाते. परदेशी विद्यार्थ्यांसाठी भाषेचे पूर्ववर्ग असतात, ग्रंथालयाकडून लेखनकौशल्याची सत्रे होतात, वेळ घेऊन सल्लागाराला भेटता येते. पण हे सगळे मुख्य रस्त्याच्या कडेला. विभागाला तुमच्याकडून लेखन म्हणून नेमके काय हवे आहे, ते लिहिलेले असते विषयाच्या माहितीपुस्तिकेत, आणि तेही नियमांच्या रूपात: शब्दमर्यादा इतकी, मुदत अमुक दिवशी दुपारपर्यंत, संदर्भ या पद्धतीने, वाङ्मयचौर्य आढळल्यास ही कारवाई, कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर इथपर्यंत. महाराष्ट्रातून आलेली मुले ही पाने वाहतूक पोलिसाच्या दंडाचा तक्ता वाचावा तशी वाचतात, म्हणजे कुठे पकडले जाऊ एवढेच बघून पुढे सरकतात. या प्रस्तावनेचे म्हणणे असे की लेखनाचा जो तास वेळापत्रकात दिसत नाही, तो याच पानांत आहे. दंड ही त्या नियमांची एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूला अख्खा अभ्यासक्रम आहे, फक्त तो कुणी तसा उलगडून सांगत नाही.

सर्वांत साधा नियम घेऊ. निबंध दीड हजार शब्दांचा असावा. बारावीपर्यंत आपल्याकडे हुशारीचे एक दृश्य माप ठरलेले असते: परीक्षेच्या दालनात कोणी किती पुरवण्या घेतल्या. तिसरी पुरवणी मागायला उठलेल्या मुलीकडे सारा वर्ग वळून बघतो. हे माप वेडेपणाचे नाही. तीन तासांत जितके आठवते तितके उतरवायचे आणि तपासनीसाने मुद्द्यामागे गुण द्यायचे, अशी रचना असेल तर जास्त लिहिणाऱ्याचाच फायदा होतो. लीड्समध्ये दीड हजार शब्द सांगितले, तर तेवढ्या जागेत काय सोडायचे हे ठरवणे हीच परीक्षा असते. विद्यापीठाच्या हिशेबात २० क्रेडिटचा विषय म्हणजे साधारण २०० तासांचे काम, आणि त्यातले वर्गातले तास थोडेच. बाकीचे वाचन, टिपणे आणि लिहून खोडण्याचे. त्या तासांत वाचलेल्यापैकी बहुतेक गोष्टी निबंधात येऊ नयेत अशीच अपेक्षा असते. ज्याने सगळे कोंबले त्याने निवड केली नाही असे समजले जाते, आणि निवड न करणे म्हणजे विचार न करणे.

गुणांचेही तसेच. नव्वदीची सवय झालेल्या विद्यार्थ्याला पहिल्या निबंधाला ६२ मिळतात आणि घरी फोन करताना तो आकडा सांगावा की नाही असा प्रश्न पडतो. इथे ४० ला उत्तीर्ण, साठीच्या पुढे चांगली दुसरी श्रेणी, ७० ला पहिली. म्हणजे ६२ हे शरमेचे गुण मुळीच नाहीत. पण ही पट्टी इतकी खाली का, हे कळणे जास्त उपयोगाचे. ती अचूक उत्तराची टक्केवारी मोजत नाही; युक्तिवाद किती टिकतो याचा दर्जा ठरवते, आणि युक्तिवादाला शंभरातले शंभर कोणी देत नाही. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक असतो. त्यामुळे 'सरांना माहीत आहे मला येतं' ही आपल्याकडची मोठी पुण्याई इथे उपयोगी पडत नाही. कागदावर जे नाही ते तपासणाऱ्याच्या लेखी नाहीच. मुदतीबाबत लीड्सचा रूढ नियम दर दिवसाच्या उशिराला ५ गुण कापण्याचा आहे. दोन दिवस उशीर झाला की ६२ चे ५२ होतात आणि श्रेणी एक पायरी खाली येते. आजारपण किंवा घरची आपत्ती असेल तर सवलतीची रीतसर सोय आहे, पण ती अर्ज करून मागावी लागते. शेवटच्या दिवशी प्राध्यापकांच्या दाराशी उभे राहून मिळत नाही.

नियमांमागचा अभ्यासक्रम कसा दिसतो ते पाहायला एक वाक्य जवळून बघू. समजा, इतिहासाच्या निबंधात विद्यार्थ्याने लिहिले: 'लीड्सची औद्योगिक भरभराट लीड्स-लिव्हरपूल कालव्यामुळे झाली.' वाक्य शुद्ध आहे, ठाम आहे, आपल्या गाईडमध्ये शोभेल असे आहे. समासात शेरा येतो: 'कशावरून?' मराठी विद्यार्थ्याचा पहिला ग्रह असा होतो की माहिती चुकली. मग तो एका पुस्तकाचे नाव कंसात जोडतो आणि पुढच्या वेळीही तोच शेरा त्याला मिळतो. शेरा माहितीबद्दल नसून 'मुळे' या शब्दाबद्दल असतो. कालव्याचा कायदा १७७० चा, लीड्सपासून गार्ग्रेव्हपर्यंतचा टप्पा १७७७ मध्ये खुला झाला आणि लिव्हरपूलपर्यंत सलग पाणी पोचायला १८१६ उजाडले. आता दुसरीकडे बघा. १६९९ च्या कायद्याने एअर आणि कॅल्डर या नद्या नौकानयनायोग्य करण्याचे काम सुरू झाले, आणि लीड्सचे कापड पूर्वेला हल बंदराकडे नावेने जाऊ लागले. मिडलटनच्या खाणींतला कोळसा लीड्समध्ये आणणाऱ्या रुळमार्गाचा कायदा १७५८ चा. त्यावर घोड्यांऐवजी वाफेचे इंजिन आले १८१२ मध्ये. होलबेकमधली जॉन मार्शलची लिननच्या सुताची गिरणी अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात उभी राहिली, म्हणजे कालवा पुरा होण्याच्या कितीतरी आधी. या तारखा शेजारी मांडल्यावर मूळ वाक्य खोटे ठरत नाही, पण उभे राहण्याइतके भक्कमही उरत नाही. ते बदलून असे काहीतरी होते: 'कालव्याने लीड्सला पश्चिमेची बाजारपेठ जवळ आणली, पण पूर्वेकडचा जलमार्ग आणि स्वस्त कोळसा त्याआधीच हाताशी असल्याने वाढीची सुरुवात कालव्याने केली असे म्हणता येत नाही.' दुसरे वाक्य लांब आहे, कमी ठाम आहे, पाठ करायला वाईट आहे, आणि त्याला जास्त गुण मिळतील. पुस्तिकेतले 'दाव्याला आधार द्या', 'विश्लेषण करा, वर्णन नको', 'स्रोतांची परस्परांशी तुलना करा' हे तिन्ही नियम या एका दुरुस्तीत आले.

हे पटले की संदर्भ देण्याचा नियमही वेगळा वाचता येतो. लीड्समध्ये बऱ्याच विभागांत हार्वर्ड पद्धत चालते: वाक्याअखेर कंसात लेखकाचे आडनाव आणि साल, शेवटी यादी. कुठे स्वल्पविराम, कुठे तिरपे अक्षर, यावर पहिल्या वर्षात वेळ जातो आणि चिडचिड होते. ती चिडचिड रास्त आहे, विरामचिन्हांत काही तत्त्वज्ञान दडलेले नाही. मात्र कंसातले नाव वाचकाला एकच गोष्ट सांगते: इथपर्यंत मी दुसऱ्याच्या खांद्यावर होतो, इथून पुढे माझा मी. ज्या निबंधात प्रत्येक वाक्यामागे कंस आहे त्यात लेखक गैरहजर असतो. ज्यात एकही नाही त्याचा भरवसा नसतो. भारतातून येणाऱ्या विद्यार्थ्याला हे उशिरा भेटते, याला कारणही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले, त्यात साम्याचे टप्पे ठरवले: १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, पुढे ४० आणि ६० टक्क्यांवर वाढत्या शिक्षा. पण त्याच नियमांनी स्वाध्याय, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या. म्हणजे पदवीच्या मुलाला तीन वर्षे हा प्रश्न पडतच नाही, आणि पडतो तेव्हा तो टक्क्यांच्या रूपात पडतो. लीड्सला आल्यावर तो साम्य शोधणाऱ्या टर्निटिन प्रणालीचा आकडा बघून विचारतो, 'किती टक्के चालतात?' या प्रश्नाला उत्तर नाही. अवतरणे आणि यादी धरून २५ टक्के साम्य असलेला निबंध निर्दोष असू शकतो, आणि शब्द फिरवून ४ टक्क्यांवर आणलेला निबंध पूर्णपणे उचललेला असू शकतो.

याच्या शेजारीच जर्नलचा प्रश्न येतो. विज्ञान किंवा अभियांत्रिकीचे सबमिशन ज्याने महाराष्ट्रात केले आहे त्याला एकाचे जर्नल दहाजणांत फिरते हे सांगायला नको. देणारा दिलदार आणि न देणारा खडूस ठरतो. लीड्समध्ये एकाच विषयाचा निबंध मित्राला 'नुसता बघायला' दिला आणि त्याने त्यातले परिच्छेद घेतले, तर संगनमत म्हणून दोघांनाही जाब द्यावा लागू शकतो. मैत्रीचा हा अर्थ इथे चालत नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलेले बरे. चर्चा एकत्र करावी, पुस्तके वाटून घ्यावीत, एकमेकांचे म्हणणे खोडून काढावे. लिहायला मात्र वेगळे बसावे. आणि पैसे देऊन निबंध लिहून घेण्याचा धंदा तर इंग्लंडमध्ये गुन्हाच आहे. २०२२ च्या कौशल्य व सोळा वर्षांनंतरच्या शिक्षणाच्या कायद्याने अशी सेवा पुरवणे आणि तिची जाहिरात करणे दंडनीय केले. कायदा विकणाऱ्याला धरतो, विकत घेणाऱ्या विद्यार्थ्याचा हिशेब विद्यापीठ करते. व्हॉट्सॲपवर 'असाइनमेंट हेल्प' म्हणून येणारे गोड निरोप या जागेतले असतात.

इथे एक आक्षेप ठरलेला आहे आणि तो ताकदीचा आहे. शब्दांची खाजगी मालकी, स्रोतांची काटेकोर नोंद, प्रत्येकाने स्वतंत्र मत मांडणे, हे सारे पाश्चात्त्य आहे. आपली परंपरा पाठांतराची आणि गुरुमुखाची, तिच्यावर हे वरून लादले जाते, असे तो म्हणतो. त्याचा उत्तरार्ध आधी तपासू. ज्या पाठांतराला आपण परंपरा म्हणतो, त्यातले बरेचसे इंग्रजांनीच घालून दिले. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या तेव्हाच्या नमुन्यावर, म्हणजे शिकवणारी नव्हे तर परीक्षा घेणारी संस्था म्हणून. कॉलेजे शिकवणार, विद्यापीठ दुरून प्रश्नपत्रिका काढणार. अशा व्यवस्थेत अपेक्षित प्रश्नांचे संच निघणारच. खुद्द लीड्सचा जन्मही विद्यापीठ म्हणून झाला नाही. १८७४ मध्ये यॉर्कशायर कॉलेज ऑफ सायन्स निघाले ते युरोपातल्या कारखानदारीच्या स्पर्धेत इथला कापडधंदा मागे पडेल या धास्तीने. १८८७ मध्ये ते मँचेस्टर आणि लिव्हरपूलबरोबर व्हिक्टोरिया विद्यापीठात गेले आणि स्वतःची सनद मिळाली १९०४ मध्ये. चर्चा, निबंध आणि मोजकी परीक्षा हा इथला रिवाज इंग्रजी रक्तात होता असे नाही; तो घडवलेला आहे, म्हणून शिकताही येतो.

पूर्वार्धाचे उत्तर मराठीतूनच देता येते. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने चक्रधरांच्या लीळा जमवल्या त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन. आणि महानुभावांनी पुढे पाठभेद जपताना कोणता तपशील कोणाच्या आठवणीतला हे नावानिशी नोंदवून ठेवले. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घुसडू नये अशी ताकीद दिली. मूळ लेखकाचे कोणते आणि आपले कोणते, ही सीमा त्यांना लीड्सच्या कोणत्याही प्राध्यापकाइतकीच पवित्र होती. शास्त्रार्थात तर आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे, आणि मगच खंडन करायचे, ही शिस्तच होती. इथे निबंधात 'प्रतिवाद विचारात घ्या' म्हणून जे सांगतात ते याहून निराळे नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला सुरू झाली ती १८७४ मध्ये, यॉर्कशायर कॉलेज निघाले त्याच साली, आणि तिच्या ८४ अंकांत मराठी गद्य भांडायला शिकले. (भांडणाचा सूर लीड्सच्या निबंधात चालणार नाही, हेही सांगून ठेवायला हवे.) राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली तेव्हा त्यांचा बखरींशी झगडा होता तो नेमका याच मुद्द्यावर: कागद दाखवा. तेव्हा 'कशावरून?' हा शेरा आपल्याला परका नाही. शाळेच्या गाईडने तो पुसून टाकला एवढेच.

दुसरा आक्षेप मात्र इतक्या सहज खोडून निघत नाही, आणि तो खोडू पाहणारे बहुतेक वेळा ज्यांना इंग्रजी घरी मिळाली असे असतात. नियम सगळ्यांना सारखे, पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला तेच दीड हजार शब्द दुप्पट वेळ खातात. भाषेची भीती असली की माणूस दुसऱ्याच्या वाक्याला घट्ट धरून ठेवतो, आणि ज्याला चौर्य म्हणून पकडले जाते ते पुष्कळदा बिचकलेले अनुकरण असते. या प्रश्नाला लीड्समध्ये इतिहास आहे. नायजेरियाचे नाटककार वोले शोयिंका इथे १९५० च्या दशकात शिकले. केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो १९६४ मध्ये आले आणि इथल्या वास्तव्यात त्यांनी 'ए ग्रेन ऑफ व्हीट' ही कादंबरी लिहिली. त्याच १९६४ साली राष्ट्रकुलातल्या साहित्यावरची पहिली परिषद लीड्सने भरवली. पुढे न्गुगींनी इंग्रजीतले कथालेखन सोडून गिकुयू या मातृभाषेत लिहायला घेतले. दोघांनी इंग्रजीशी दोन निरनिराळे करार केले, पण युक्तिवादाची शिस्त दोघांनीही सोडली नाही. न्गुगींचा इंग्रजीविरुद्धचा दावा तर नीट बांधलेल्या निबंधांतूनच जगाला कळला. यावरून विद्यार्थ्याने घ्यायचे ते असे की विचाराचा पहिला खर्डा मराठीत करायला कोणी बंदी केलेली नाही. मुद्द्यांची साखळी मराठीत जुळली की इंग्रजी वाक्य आखूड आणि साधे लिहिले तरी चालते. अलंकारिक इंग्रजीला इथे गुण नसतात. उलट 'सिन्स टाइम इमेमोरियल' छापाच्या सुरुवातीवर पहिली फुली पडते. भाषेच्या चुका दुसऱ्याकडून दाखवून घेता येतात, मात्र वाक्ये त्याने बदलून द्यायची नाहीत. पण विद्यापीठही काही देणे लागते. जे वर्गात शिकवले नाही त्याबद्दल शिक्षा करायची असेल, तर आधी ते उघड शिकवले पाहिजे. नमुन्याचे निबंध, ४५ ला का ४५ आणि ६८ ला का ६८ हे दाखवणारे, पहिल्याच महिन्यात हाती द्यायला हवेत. जे प्राध्यापक आपल्या शेऱ्यांमागचे कारण सांगतात त्यांच्या वर्गात हा आक्षेप निम्मा विरतो.

राहिली कृत्रिम बुद्धिमत्ता. लीड्सने मूल्यमापनाचे तीन गट केले आहेत, सिग्नलच्या दिव्यांसारखे: लाल गटात तिचा वापर नाही, पिवळ्यात मर्यादित मदतीपुरता, हिरव्यात तो कामाचाच भाग. कोणता निबंध कोणत्या रंगात हे आधी कळवलेले असते, आणि वापर केला असेल तर सांगावा लागतो. यावर विद्यार्थ्यांचा प्रश्न सरळ आहे: यंत्र चांगले इंग्रजी लिहिते, मग आम्ही झिजायचे कशाला? याचे उत्तर कालव्याच्या वाक्यात आहे. यंत्राला विचारले तर ते पहिले, ठाम, गोंडस वाक्य क्षणात देईल. विचारले तर दुसरेही देईल. पण पहिल्यावर समाधान मानू नये हे कळायला १६९९ आणि १८१६ या दोन सालांमधले अंतर खटकावे लागते, आणि ते खटकण्यासाठी आधी स्वतः काहीतरी वाचलेले असावे लागते. यंत्राने लिहिले हे ओळखणारी साधने मात्र न्यायाधीश म्हणून बसवू नयेत. २०२३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सात साधने तपासली तेव्हा, परदेशी विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या टोफेलच्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले होते. साधे शब्द आणि ठरावीक वाक्यरचना ही दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्याची खूण आहे, लबाडीची नव्हे. म्हणून टिपणे, कच्चे खर्डे, खुणा केलेल्या छायाप्रती, फाइलच्या जुन्या आवृत्त्या टाकून देऊ नयेत. शंका आली तर बोलावणे येते, आणि तिथे निबंध कसा घडत गेला हे दाखवता आले की बोलणे सोपे होते.

पहिल्या वर्षाचे गुण लीड्समध्ये पदवीच्या श्रेणीत धरले जात नाहीत. उत्तीर्ण मात्र व्हावे लागते. मुले याचा अर्थ 'हे वर्ष सुटीचे' असा लावतात. खरे तर ४८ गुण मिळवून, समासातले शेरे घेऊन प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन बसण्याची स्वस्त संधी एवढ्याच वर्षात आहे. दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून तोच शेरा श्रेणीतून वजा होऊ लागतो.